स्क्रूला हात सर्वांत शेवटी

मुरबाड तालुक्यातलं धसई डिसेंबर २०१६मध्ये राज्यभर गाजलं ते रोकडरहित गाव म्हणून. नोटाबंदीला महिनाही झाला नव्हता, तोच इथल्या दुकानांत कार्ड घासायची यंत्रं आली आणि तेव्हाचे अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार उद्घाटनाला येऊन गेले. पण धसईची ओळख त्याच्याही आधीची आहे. आसपासच्या गावपाड्यांची ही बाजारपेठ. बी-बियाणं, पत्रे, पाइप, फवारणीचा पंप, गवत कापायची मशीन सगळं बाजारातून घरी जातं. घरी गेलेली यंत्रं कधी ना कधी बंद पडतात, आणि बाजार यंत्र विकण्यात जितका तत्पर असतो तितका ते दुरुस्त करण्यात नसतो. म्हणून मग कुणाच्या पडवीत, कुणाच्या गोठ्याला लागून काढलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये एक टेबल, एक शिकंजा आणि पान्यांचा डबा जमतो. गावाकडचं घरगुती वर्कशॉप हे असं उभं राहतं. त्यात येणाऱ्या यंत्रांमध्ये सगळ्यांत रागीट आणि सगळ्यांत गैरसमजाला बळी पडलेलं यंत्र म्हणजे चेनसॉ, लाकूड कापणारी साखळीची करवत.

भात कापून, झोडून घरात आलं की मशीनचे दिवस सुरू होतात. बांधावरचं वाळलेलं झाड, कौलांवर आलेली आंब्याची फांदी, वर्षभराचं सरपण, लग्नाच्या जेवणावळीसाठी लाकूडफाटा. मे महिन्यात अवकाळी वाऱ्याने रस्त्यावर झाड आडवं झालं की जो आधी मशीन घेऊन येईल तो देव. पूर्वी दोघांनी दोन टोकांना धरून ओढायच्या करवतीला अर्धा दिवस लागायचा ते खोड आता चहा होईपर्यंत कापून होतं. होतं म्हणजे, मशीन नीट असेल तर. नसेल तर मालक ती खांद्यावर टाकून वर्कशॉपात आणतो आणि ठरलेलं वाक्य बोलतो, “ओढत नाही, दादा. जरा ट्यूनिंग करून दे.”

सगळी गडबड या ‘ट्यूनिंग’मध्ये आहे. कार्बोरेटरच्या बाजूला तीन छोटे स्क्रू दिसतात, ते फिरवले की आवाज बदलतो, आणि आवाज बदलला की काहीतरी दुरुस्त झाल्याचा भास होतो. माझं मत असं, की चेनसॉच्या दहापैकी बहुतेक तक्रारींचा त्या स्क्रूंशी काही संबंध नसतो. दोष साखळीत असतो, पेट्रोलमध्ये असतो, कुठेतरी हवा शिरत असते. तो दोष तसाच ठेवून स्क्रू फिरवणं म्हणजे पिस्टनचा बळी देणं. हे असं का, ते कळायला आधी इंजिन पाहावं लागतं.

टू-स्ट्रोक इंजिन या भागाला नवं नाही. १९७२मध्ये बाजारात आलेली लुना आणि नंतरची बजाजची एम-एटी यांनी गावोगाव मिस्त्री तयार केले. पेट्रोलमध्ये ऑइल मारायचं, प्लग काढून पुसायचा, सायलेन्सर जाळून साफ करायचा, हे ज्ञान त्यातूनच आलं. पुढे फोर-स्ट्रोक गाड्यांनी ते मागे टाकलं. आज विशीतल्या मेकॅनिकला मोटारसायकलचं इंजेक्शन कळतं, पण पेट्रोलमध्ये ऑइल किती हे विचारावं लागतं.

तत्त्व सोपं आहे. पिस्टन वर जातो तेव्हा त्याच्याखाली क्रँककेसमध्ये पोकळी तयार होते आणि कार्बोरेटरमधून हवा, पेट्रोल आणि ऑइल यांचं मिश्रण आत ओढलं जातं. पिस्टन खाली येतो तेव्हा तेच मिश्रण बाजूच्या वाटांनी वर सिलिंडरमध्ये ढकललं जातं आणि आधीचा जळका धूर सायलेन्सरकडे निघून जातो. प्रत्येक फेऱ्याला एक स्फोट. व्हॉल्व्ह नाहीत, ऑइलचा वेगळा डबा नाही, ऑइलचा पंप नाही. (चेनला तेल देणारा पंप असतो, तो निराळा.) म्हणजे बेअरिंग आणि पिस्टन यांना वंगण मिळतं ते फक्त पेट्रोलबरोबर. मिश्रणात हवा जास्त झाली, मेकॅनिकच्या भाषेत मशीन ‘लीन’ झाली, की एकाच वेळी तीन गोष्टी होतात: उष्णता वाढते, आत येऊन थंडावा देणारं पेट्रोल कमी होतं आणि वंगणही कमी होतं. स्कूटर पाच-सहा हजार फेऱ्यांवर हे थोडा वेळ सोसते. चेनसॉ मिनिटाला तेरा हजारांच्या आसपास फिरते, म्हणजे सेकंदाला दोनशेहून जास्त स्फोट. तिथे चूक सुधारायला वेळ मिळत नाही.

दुसरा फरक कार्बोरेटरचा. लुनाच्या कार्बोरेटरमध्ये पेट्रोलची वाटी आणि तरंगणारा फ्लोट असतो, तो सरळ उभा असेल तोवरच काम करतो. झाड कापणारा माणूस मशीन आडवी धरतो, कधी जवळजवळ उलटी. जर्मनीत आंद्रेआस श्टिल यांनी १९२६मध्ये विजेवरची आणि १९२९मध्ये पेट्रोलवरची चेनसॉ आणली. ती पेट्रोलची मशीन ४६ किलोंच्या घरात होती आणि दोन माणसं लागत. हातात धरून हवी तशी वळवता येणारी मशीन मिळाली ती फ्लोटच्या जागी रबरी पडदे, म्हणजे डायफ्राम, आल्यावर. एक पडदा क्रँककेसच्या धडधडीवर हलून टाकीतून पेट्रोल खेचतो, दुसरा किती पेट्रोल आत सोडायचं ते ठरवतो. रुपयाच्या नाण्याहून थोडे मोठे हे दोन पडदे मऊ असतील तोवर मशीन कुठल्याही कोनात चालते. ते ताठरले की कुठलाही स्क्रू त्यांना वाचवू शकत नाही.

आता त्या ‘ओढत नाही’कडे येऊ. मशीन टेबलावर आली की मी इंजिनकडे बघतच नाही. आधी बोटाने चेन चाचपतो, आणि मालकाला विचारतो, कापताना काय उडतं? धारदार चेन लाकडाच्या जाड ढलप्या काढते. बोथट चेन पीठ पाडते. पीठ पडायला लागलं की माणूस मशीनवर जोर देतो, जोर दिला की बार, म्हणजे चेन जिच्यावरून फिरते ती पट्टी, तापतो, इंजिन दबतं, आणि मालकाला वाटतं इंजिनात दम नाही. दम सगळा असतो, चावायला दात नसतात.

या दातांची गोष्ट सांगण्यासारखी आहे. पहिल्या चेनसॉंच्या साखळीवर हातकरवतीसारखे टोकदार दात असत. ते लाकूड खरवडत, लवकर बोथट होत आणि कानस मारून मारून माणूस दमून जाई. १९४६मध्ये अमेरिकेच्या ऑरेगॉन राज्यात जो कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याने एका खोडात भुंगेऱ्याची अळी पाहिली. ती अळी आडव्या-उभ्या, दोन्ही धाग्यांनी लाकूड सारख्याच सहजतेने पोखरत चालली होती, कारण तिचे दोन वाकडे जबडे डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे आळीपाळीने कापत. कॉक्सने तसेच वळणदार दात पोलादात घडवले, एक डावा, एक उजवा. पुढच्या वर्षी त्याने पोर्टलंडमधल्या आपल्या घराच्या तळघरातून साखळ्या विकायला सुरुवात केली. आज धसईच्या बाजारातून आणलेली कुठलीही चेन बघा, दात त्याच घडणीचे आहेत. आंब्याच्या खोडात शिरणारा भिरूड इथल्या शेतकऱ्याचा वैरी. कॉक्सची ती अळी त्याच्याच कुळातली होती.

अशा दाताला तीन ठिकाणं असतात: वरची धार, बाजूची धार, आणि पुढचा छोटा उंचवटा. लाकूड कापतात त्या दोन धारा. दात किती खोल शिरेल ते उंचवटा ठरवतो. धार गोल कानशीने काढायची. कानशीची जाडी चेनप्रमाणे ठरलेली आहे: घरगुती छोट्या मशीनच्या हलक्या चेनला ४ मिमी, पॉइंट थ्री-टू-फाइव्ह मापाच्या चेनला ४.८ मिमी, मोठ्या तीन-अष्टमांश चेनला ५.२ किंवा ५.५ मिमी. हातात सापडेल ती कानस मारली की दाताचा पोटाकडचा वळसा बिघडतो, मग धार दिसते पण चावत नाही. कानस दाताच्या आतून बाहेर ढकलायची, परत आणताना उचलून घ्यायची, आणि बहुतेक चेनवर वरच्या धारेचा कोन ३० अंशांचा ठेवायचा. दाताच्या पाठीवर तशी रेघ कोरलेलीच असते. प्रत्येक दाताला सारखे हात. डावे दात चार हात आणि उजवे सहा हात खाऊन गेले की मशीन सरळ कापतच नाही, काप एका बाजूला वळत जातो. उजव्या हाताने काम करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाची एक बाजू कमी उतरते. कापलेल्या ओंडक्याचं तोंड बघून ते ओळखता येतं.

उंचवट्याचं मात्र सगळे विसरतात. दात घासत घासत मागे जातो तसा तो खालीही येतो, पण उंचवटा तेवढाच राहतो. मग धार कितीही लखलखीत असो, ती लाकडाला टेकतच नाही. साधारण ०.६५ मिमी फरक राहील इतका उंचवटा चपट्या कानशीने उतरवावा लागतो. गेज मिळतं, ते चेनवर ठेवून जे वर येतं ते घासायचं. उत्साहात तो जास्त उतरवला तर दात भसकन खोल शिरतो आणि मशीन उलटी उसळते. त्या उसळीबद्दल पुढे.

इथली लाकडंही साखळीची परीक्षा घेणारी आहेत. सागाच्या लाकडात सिलिका असते, म्हणजे मुळात वाळूच. ऐन, खैर, धावडा हे वाळल्यावर दगडासारखे होतात. त्यात ओंडका ओढून आणलेला, सालीत लाल माती भरलेली. कोयत्याने साल तासून माती झाडून मग मशीन लावली तर एक धार तिप्पट चालते. पण तासायचा कंटाळा. ज्यांना मातकट आणि सुकं लाकूड कापायचंय त्यांनी चौकोनी कोपऱ्याच्या दातांची चेन घेऊ नये, गोलसर कोपऱ्याची घ्यावी. ती जरा हळू कापते, पण धार टिकवते. आणि चेन जमिनीला एकदा जरी टेकली तरी धार गेली असं समजावं.

चेनबरोबर बार. बार दर वेळी उलटा करून बसवायचा म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतात, खाचेतला चिकट भुसा पत्र्याच्या तुकड्याने काढायचा, तेलाचं भोक मोकळं करायचं. चेनला तेल म्हणून ट्रॅक्टरचं जळकं ऑइल घालायची पद्धत सर्रास आहे, कारण ते फुकट मिळतं. त्यात धातूचा चुरा असतो आणि ते पातळ झालेलं असल्याने चेनवर टिकत नाही, उडून कापणाऱ्याच्या कपड्यांवर आणि कातडीवर जातं. जळकं इंजिन ऑइल कातडीला सतत लागणं घातक आहे, हे वेगळं सांगायला नको. चेनचा ताणही बघायचा: थंड असताना ती बारच्या पोटाला चिकटून असावी आणि हातमोजा घालून ओढली तर सहज फिरावी. काम संपल्यावर सैल करून ठेवायची. तापलेली चेन ताणून ठेवली की ती थंड होताना आकसते आणि सगळा ताण क्रँकच्या बेअरिंगवर येतो.

चेन ठीक असूनही तक्रार राहिली तर टाकीचं झाकण उघडून वास घ्यायचा. ताज्या पेट्रोलचा वास आणि तीन महिने पडलेल्या पेट्रोलचा आंबूस, रंगासारखा वास यांत फरक लगेच कळतो. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. कोकणपट्टीतला पावसाळा म्हणजे त्याला आमंत्रणच. पुरेसं पाणी जमलं की ते इथेनॉलसह तळाशी वेगळं होतं, आणि टाकीतला फिल्टर नेमका तळाशीच लोळत असतो. पहिला घोट पाण्याचा. शिवाय जुन्या धाटणीचं रबर इथेनॉलमध्ये बिघडतं: नळी फुगते किंवा तडकते, पडदे ताठरतात. मशीन चालू होते, स्लोवर चालते, पण रेस दिली की मरते, हे लक्षण बहुतेकदा ताठर पडद्याचं किंवा तुंबलेल्या फिल्टरचं असतं. पडद्यांचं किट स्वस्त मिळतं. कार्बोरेटर उघडताना पडदा आधी की गॅस्केट आधी, याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा, कारण दोन्ही बाजूंचा क्रम सारखा नसतो. आतल्या बारीक भोकांत तार घालू नये. तार भोक साफ करत नाही, मोठं करते.

ऑइलचं प्रमाण मशीनच्या पुस्तकात असतं, आणि पुस्तक हरवलेलं असतं. चांगल्या टूटी (टू-स्ट्रोकच्या) ऑइलला १:५०, म्हणजे लिटरला २० मिली; स्वस्त मशीन आणि साध्या ऑइलला बहुतेक जण १:२५ सांगतात, लिटरला ४० मिली. औषधाचं माप लागतं, बाटलीचं बूच चालत नाही. “जास्त ऑइल घातलेलं बरं” ही समजूतही खरी नाही. ऑइल जास्त म्हणजे त्याच भोकातून जाणारं पेट्रोल कमी, वर सायलेन्सरच्या जाळीत काजळी. आणि ऑइल घालायचंच राहिलं तर काही मिनिटांत पिस्टन धरतो. म्हणून ऑइल मिसळलेल्या पेट्रोलच्या कॅनवर लाल फडकं बांधायची सवय चांगली.

मग हवा. एअर फिल्टर भुशाने भरला की मशीन जास्त पेट्रोल पिऊन काळा धूर सोडते. अशा वेळी कुणी स्क्रू आत घेऊन धूर बंद करतो, पुढच्या आठवड्यात दुसराच कुणी फिल्टर धुतो, आणि आता मशीन लीन झालेली असते. स्क्रूला शेवटी हात का लावायचा, याचं याहून चांगलं उदाहरण नाही. दुसरा प्रकार अधिक वाईट: कार्बोरेटर आणि सिलिंडरमधल्या रबरी नळकांड्याला चीर, किंवा क्रँकचं सील गेलेलं. बाहेरची हवा फिल्टर आणि कार्बोरेटर दोघांनाही टाळून थेट आत जाते. स्लो स्थिर राहत नाही, आपोआप चढतो-उतरतो. मशीन एका कुशीवर वळवली की आवाज बदलतो. खात्री करायला क्रँककेसमध्ये दाब भरून पाहावा लागतो. कंपन्या साधारण अर्धा बार दाब सांगतात. त्यांचा पंप महाग. पण रक्तदाबाच्या जुन्या यंत्राचा फुगा आणि डायल ३०० मिलिमीटर पाऱ्यापर्यंत जातात, म्हणजे ०.४ बार, आणि घरच्या कामाला ते पुरतं. सायलेन्सर आणि कार्बोरेटरच्या तोंडाशी सायकलच्या ट्यूबचे तुकडे दाबून बसवायचे, प्लगच्या भोकातून दाब द्यायचा आणि साबणाचं पाणी सोडायचं. बुडबुडे जिथे, भोक तिथे. सायकलचा पंप मात्र लावू नये. त्याचा दाब चांगली सीलं उडवतो.

ठिणगीचं प्रकरण त्या मानाने छोटं. प्लगमधलं अंतर ०.५ मिमी, कॉइल आणि फ्लायव्हील यांच्यात ०.३ मिमीच्या आसपास. लग्नपत्रिका नको, व्हिजिटिंग कार्ड मध्ये सरकवून कॉइल कसली की झालं. प्लगचं टोक कॉफीच्या रंगाचं असेल तर मिश्रण ठीक, काळं ओलं असेल तर पेट्रोल जास्त, पांढरट असेल तर धोका.

आणि दाब, म्हणजे कॉम्प्रेशन. गेज नसेल तर स्टार्टरची मूठ धरून मशीन लोंबकळू द्यावी. ती अडखळत, हिसके देत खाली आली तर इंजिनात जीव आहे. सरळ खाली आली तर रिंगा किंवा सिलिंडर गेलं. गेजवर १२० ते १५० पीएसआय चांगलं, ९०च्या खाली सुरू होण्याचीच मारामार. त्याहून जास्त कळतं ते सायलेन्सरचे दोन बोल्ट काढून, धुराच्या खिडकीतून पिस्टनकडे पाहिल्यावर. तिथे पिस्टनवर उभे ओरखडे असतील तर मशीन लीन चालली होती किंवा तापली होती. कार्बोरेटरच्या बाजूला ओरखडे असतील तर फाटक्या फिल्टरमधून धूळ गेली. दोन्हीकडे असतील तर ऑइल नव्हतं. मालक काहीही सांगो, पिस्टन काय झालं ते लिहून ठेवतो.

पिस्टन बदलायचा तर क्लच काढावा लागतो, आणि तिथे नवखा हमखास फसतो: बहुतेक मशीनमध्ये क्लचचे आटे उलटे असतात, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवला की सुटतो. इंजिन फिरू नये म्हणून प्लगच्या भोकातून जाड सुती दोरी आत भरायची. पिस्टन दोरीवर येऊन थांबतो. स्क्रू ड्रायव्हर घालून थांबवला तर पिस्टनला भोक पडतं. सिलिंडरच्या भिंतीवर पिस्टनचं ॲल्युमिनियम लिंपलं गेलं असेल तर ते सिलिंडर टाकाऊ समजू नये. आतला मुलामा क्रोम किंवा निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा, फार टणक. संडास साफ करायचं ॲसिड कापसाच्या काडीने फक्त त्या डागावर लावलं की फेस येतो, ॲल्युमिनियम विरघळतं, निकेलचा मुलामा राहतो; क्रोमच्या मुलाम्याला मात्र हे ॲसिड लावू नये. फेस थांबला की भरपूर पाण्याने धुवायचं. खिडक्यांच्या कडांना मुलामा नसतो, तिथे ॲसिड जाऊ द्यायचं नाही. हातमोजे, चष्मा आणि उघडी हवा हवीच. मुलाम्याचा पापुद्रा निघाला असेल तर मात्र नवं सिलिंडर.

इतकं सगळं झाल्यावर, धारदार चेन बसवून, धुतलेला फिल्टर लावून, ताजं पेट्रोल भरून आणि मशीन पाच मिनिटं गरम करून मग छोटा स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यायचा. ‘एल’ हा कमी वेगाचा, ‘एच’ पूर्ण वेगाचा, ‘एलए’ किंवा ‘टी’ स्लो किती ठेवायचा त्याचा. पहिल्या दोन्ही स्क्रूंना हलक्या हाताने टेकवून एक फेरा बाहेर काढलं की बहुतेक मशीन सुरू होण्याइतकी जुळते. मग एल असा लावायचा की रेस दिल्याबरोबर इंजिन न अडखळता उचलेल. एलए असा की स्लोवर चेन अजिबात फिरणार नाही. स्लोवर फिरणारी चेन ही ट्यूनिंगची नव्हे, अपघाताची तयारी. ती थांबतच नसेल तर क्लचची स्प्रिंग बघायची.

एच स्क्रू कानाने लावायचा. मशीन हवेत पूर्ण रेसवर धरली की तिचा आवाज किंचित फाटलेला, बुडबुडल्यासारखा यायला हवा. त्या वेळी पेट्रोल गरजेपेक्षा थोडं जास्त असल्याने एखादा स्फोट चुकतो. तीच मशीन लाकडात घातली की भार येतो आणि आवाज एकसंध, साफ होतो. लाकडातून काढली की पुन्हा फाटतो. हे जमलं की थांबायचं. हवेत धरल्यावर किंचाळणारी, सणसणीत स्वच्छ आवाजाची मशीन मालकाला फार आवडते. तो म्हणतो, आत्ता कशी बोलतेय! ती बोलत नसते, लीन असते. स्क्रू पाव फेरा बाहेर काढून त्याची नाराजी पत्करावी.

धसईच्या बाबतीत एक बारकावा आहे. गाव घाटाच्या पायथ्याशी. माळशेज चढून जुन्नरकडे गेलं की आपण सातशे मीटरच्या आसपास उंचीवर असतो. तिथे हवा सहा-सात टक्के विरळ. धसईत लावलेली मशीन वर नेली तर हवा कमी, म्हणून पेट्रोल थोडं जास्त. धूर निघेल, ताकद जरा कमी वाटेल, नुकसान नाही. पण वर लावलेली मशीन खाली आणून चालवली तर उलट होतं, ती लीन होते. घाटावरून काम करत खाली उतरणाऱ्या टोळीने एच स्क्रू किंचित बाहेर काढूनच इथलं पहिलं झाड कापावं. थंडीतल्या सकाळीही हवा दाट असते, तोच हिशोब थोड्या प्रमाणात लागू.

मशीन परत देण्याआधी चेनचा ब्रेक तपासायचा: पूर्ण रेसवर पुढची दांडी मनगटाने ढकलली की चेन जागीच थांबली पाहिजे. बारच्या टोकाचा वरचा कोपरा लाकडाला लागला की मशीन डोक्याच्या दिशेने उसळते, आणि सेकंदाला वीस मीटरहून जास्त वेगाने धावणाऱ्या चेनपुढे माणसाची प्रतिक्रिया फार संथ आहे. स्वीडनच्या हुस्कवार्नाने १९७३मध्ये आपोआप लागणारा ब्रेक आणला तो यासाठीच. इथे कित्येक मशीनवर तो काढून टाकलेला किंवा तारेने बांधलेला दिसतो, “मध्येमध्ये येतो” म्हणून. अशी मशीन ब्रेक लावल्याशिवाय परत देऊ नये, मालक कितीही ओळखीचा असो. चप्पल आणि लुंगीवर झाडाच्या बुंध्याशी उभं राहणाऱ्याला हेल्मेट आणि जाड पँट यांचा उपदेश किती पचतो कुणास ठाऊक, निदान कानात बोळे तरी: पूर्ण रेसवर आवाज ११० डेसिबलच्या आसपास असतो.

कायद्याचंही थोडं. महाराष्ट्र वृक्षतोड (नियमन) अधिनियम १९६४चा आहे; साग, ऐन, खैर, मोह, आंबा, फणस, चिंच, जांभूळ, हिरडा ही त्याच्या यादीतली झाडं स्वतःच्या मालकीच्या जमिनीतही परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. आणि भारतीय वन अधिनियमाखाली वनगुन्ह्यात वापरलेलं हत्यार जप्त होतं, म्हणजे मशीनसुद्धा. वर्कशॉपात चाचणीसाठी ओंडका लागतोच. तो सुबाभळीचा ठेवावा, निवांतपणा राहतो.

बाजारात सध्या सगळ्यांत जास्त येते ती ५८ सीसी लिहिलेली, नावं निरनिराळी पण साचा एकच असलेली चिनी मशीन. तिला हसायचं कारण नाही. सुटे भाग सगळीकडे मिळतात, स्वस्त मिळतात, एकीचा दुसरीला बसतो. फक्त नवीन असतानाच तिचे बोल्ट एकदा कसून घ्यावेत आणि पेट्रोलची नळी बदलावी. महागड्या नामांकित मशीनचा अनुभव उलटा, बिघाड कमी पण एखाद्या सीलसाठी ठाणे-पुण्याकडे डोळे. तुटलेला बोल्ट काढणं, घसरलेला प्लगचा आटा नव्याने घालणं हे मात्र घरच्या टेबलावर करायचं काम नाही. त्यासाठी मुरबाडच्या एमआयडीसीत लेथ आहेत.

रोहिणी नक्षत्र लागलं की मशीन कोपऱ्यात जातात, आणि ऑक्टोबरात येणाऱ्या निम्म्या तक्रारी याच आठवड्यात जन्माला येतात. टाकी रिकामी करायची, मग मशीन सुरू करून स्वतःहून बंद पडेपर्यंत चालवायची, म्हणजे कार्बोरेटरमध्येही काही राहत नाही. प्लग काढून आत चमचाभर टूटी ऑइल, दोरी दोन-तीनदा हळू ओढून पिस्टन वरच्या टोकाला आणून ठेवायचा, प्लग परत. चेन काढून ऑइलच्या डब्यात. मशीन जमिनीवर नको, माळ्यावर. आणि चुलीच्या धुराच्या वाटेत नको, तिथे नळ्या कडक होतात. उरलेलं ऑइल मिसळलेलं पेट्रोल गवत कापायच्या मशीनमध्ये ओतून आषाढातच संपवून टाकायचं.